घंटीवाली वानरीण

वानर आले की बायको मला हाक मारायची. "आली वो," एवढंच म्हणायची. कोण आली ते सांगायची गरज नव्हती. मी गोफण घेऊन उठायचो आणि ती मागून म्हणायची, "धोंडा ल्हान घ्या." आता ती नाही. वानर येतात, पण मला कळतं ते कौलं खडखडल्यावर.

मी मराठी चौथीत शाळा सोडली. लिहायला बसलो की ओळ वाकडी जाते. मुलगा म्हणतो, बाबा, आईचं काहीतरी लिहून ठेवा. आईचं लिहायचं तर वानरांचं लिहावं लागतं. आमच्या संसाराची पहिली वर्षं वानरांच्यातच गेली. शेजारी दुसरं कुणी नव्हतंच.

दिघीच्या खाडीकडून बोर्ली पंचतनच्या बाजाराला जायची जी डोंगरातली वाट आहे, तिच्या कडेला एका मुंबईकर मालकाची वाडी होती. नारळ, सुपारी, वरच्या अंगाला आंबे-फणस, आणि त्याच्यावर लगेच रान. तेव्हा इकडे नबाबाचा अंमल होता. पहिली लढाई संपून काही वर्षं झाली होती. मी वाडीचा राखण्या. वाडीच्या कोपऱ्यात खोपटं होतं, त्यात आम्ही दोघं.

ती खाडीवरच्या कोळीवाड्यातली. मी डोंगराकडचा कुळवाडी. आमचं लग्न कुणी लावून दिलं नाही, आम्ही पळून केलं. कसं जमलं ते सांगत बसत नाही, तिलाही आवडलं नसतं. तिच्या बापानं तिच्या नावानं आंघोळ केली आणि सगळ्यांना सांगितलं, पोरगी मेली. आई काही बोलली नाही. नवऱ्यानं आंघोळ केल्यावर बाईमाणूस काय बोलणार.

माहेराहून तिनं आणलं काय, तर जाळं विणायची लाकडी सुई आणि बोलणं. ती 'मला' म्हणायची नाही, 'मना' म्हणायची. "मना मीठ द्या." माझी आई कधी वाडीवर आली की हसायची. "काय गं, अजून दर्यातच हायस?" ही म्हणायची, "व्हय, पाय सुकले न्हायत अजून." दोघी हसायच्या. आई गेल्यावर ही एकटी झाली. एकटी म्हणजे अगदी एकटी, कारण मी दिवसभर झाडांत.

तेव्हा तिनं वानरं बघायला सुरुवात केली.

लोकांना माकड आणि वानर एकच वाटतं. माकड तांबड्या तोंडाचं, चोरटं, अंगावर येतं. वानर काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा, राखाडी. तो झाडावरचा माणूस आहे. सकाळी उन्हं आली की सगळा कळप उंच फांद्यांवर पोट उन्हाकडे करून बसायचा, हात गुडघ्यावर. देवळात कीर्तनाला म्हातारे बसतात तसे. ऊन अंगात भरल्याशिवाय कुणी पाला तोडायचं नाही. मग खायचे. खायचे थोडं, टाकायचे फार. खाली एक भेकर रोज येऊन उभं राहायचं, त्यांनी टाकलेलं खायला. वर कुणी खक्क खक्क केलं की भेकर आधी पळायचं. वाघरू दिसलेलं असायचं वरच्याला, जीव वाचायचा खालच्याचा.

आणि त्यांची उडी. वाडी आणि रान यांच्या मधे एक खोल वहाळ होता. अलीकडे आमचा रायवळ आंबा, पलीकडे किंजळीचं झाड. मधे एवढी जागा की माणूस काठावर उभा राहिला तरी मागं सरावा. वानर किंजळीच्या टोकाच्या फांदीवर यायचा, ती फांदी अंगाच्या भारानं खाली वाकवायचा, ती वर उसळली की तिच्याच जोरावर स्वतःला फेकायचा. हात पुढं, पाय पुढं, शेपटी मागं. आंब्याच्या पाल्यात पडला की सगळं झाड सळसळायचं. मग दुसरा, मग तिसरा. पोटाला पोर लटकलेल्या बायासुद्धा. पोर डोळे मिटून घट्ट धरायचं. बायको प्रत्येक उडीला श्वास धरायची. मला ते खोपटाच्या दारातून ऐकू यायचं.

पोर जन्मलं की काळं असतं, तोंड गुलाबी. त्याला सगळ्या बाया ओढून घेतात. आई खात बसली की मावशी घेते, तिच्याकडून दुसरी हिसकावते, पोर बोंबलतं, मग आई येऊन घेऊन जाते. बायको म्हणायची, "आमच्या आळीत असंच. पोर कुनाच्या मांडीवर हाय ते आयेला संध्याकाळी कळतं."

एकदा ती वाल सोलत म्हणाली, "यांचं बरं हाय."

"काय बरं?"

"बाप्ये जातात. बघा तुमी. नर मोठा झाला की मोठा वानर त्याला हाकलतो. तो जातो दुसऱ्या बाप्यांत हिंडायला. पोरी न्हाय जात. पोरी आयेपाशीच ऱ्हातात, म्हातारी होईस्तवर."

मी म्हणालो, "मग मी तुझ्याकडं यायला हवा होतो की काय?"

"तुमाला पोहता येतं का?"

मला पोहता येत नव्हतं. ती सालं फेकून आत गेली.

आठवड्याच्या बाजाराला कोळणी वाडीवरून जायच्या. पहाटे खाडीवरून निघायच्या, डोक्यावर सुक्या मासळीच्या पाट्या. आमच्या दगडी गडग्याबाहेर एक बसकी शिळा होती, तिथं विसावा घ्यायच्या. त्यांची बडबड लांबून ऐकू यायची. बायको तेव्हा गडग्याच्या आत खाली बसायची, आणि दगडांच्या फटीतून बघायची. त्यांच्यात तिची आई असायची. आईला ठाऊक होतं की ही आत आहे. सगळ्या वाटेला ठाऊक होतं. आई शिळेवर बसायची ती पाठ वाडीकडे करून. बाया उठताना एकमेकींना म्हणायच्या, हात लाव गो. भरलेली पाटी एकटीला डोक्यावर चढवता येत नाही, दुसरीचा हात लागतो. वाटेवरचा रिवाज असा की 'हात लाव' म्हटलं तर कुणी नाही म्हणत नाही. जात बघायची नाही, भांडण बघायचं नाही. हात लावायचा आणि आपल्या वाटेनं जायचं.

त्या गेल्या की बायको उठायची. त्या दिवशी जेवायची नाही. मी विचारायचो नाही. विचारून काय करणार होतो.

एके वर्षी मोहोर चांगला आला आणि वानरांनी तो ओरबाडला. कोवळे फणस चावून टाकले. मालक बोटीनं आले, बैलगाडीनं वाडीवर आले, झाडं बघितली आणि खाटेवर बसून राहिले. माणूस वाईट नव्हता. बंदुकीचं नाव काढलं तर कानावर हात ठेवायचा, मारुतीचा अवतार म्हणून. पण पुढच्या वर्षीही असंच झालं तर दुसरा राखण्या बघतो म्हणाले. मग त्यांना कुणीतरी बोटीवर सांगितलेली युक्ती त्यांनी आम्हाला सांगितली.

"एक वानर धरायचा. त्याच्या गळ्यात घंटी बांधायची, सोडून द्यायचा. तो कळपाकडं धावतो, घंटी वाजते, कळप भिऊन पळतो. तो मागं, ते पुढं. पळत पळत म्हसळ्यापलीकडं जातात. मारायला नको, पाप नको."

मी बायकोकडे बघितलं. वालाच्या मांडवावर टाकायला तिनं जाळं विणलेलं होतं, ते मालकांनी बघून ठेवलं होतं.

"हिला जाळं टाकता येतं ना?" मालक म्हणाले.

तिला येत होतं. बापानं लहानपणी गंमत म्हणून शिकवलं होतं. आंब्याखाली केळी टाकली. मोठा वानर खाली आला नाही, झाडावरून दात करकरत बसला. एक तरणी वानरीण आली. अजून पोर न झालेली, उत्साही. बायकोनं गडग्याआडून जाळं फेकलं ते पसरत गेलं आणि बरोबर तिच्यावर पडलं. वर कळपानं रान डोक्यावर घेतलं. मी घोंगडी टाकून तिला दाबून धरलं. घोंगडीतून तिचं काळीज हाताला लागत होतं.

शेळीच्या गळ्यातली घंटी आणली होती. मालकांनी तार पुढं केली.

"तार गळा कापंल," बायको म्हणाली. "सुतानं बांधते."

"सुटलं तर?"

"कोळ्याची गाठ हाय. सुटत न्हाय."

तिनं बांधली. सोडल्यावर वानरीण बाणासारखी आंब्यावर गेली, तिथून उडी मारून किंजळीवर. घंटी खणखणली. कळप फुटला. आयाबाया, पोरं, मोठा वानर, सगळे रानात. ती त्यांच्या मागं. घंटीचा आवाज डोंगरात वर वर गेला. मालक खूश होऊन दुपारीच बैलगाडीनं गेले.

पुढं काय झालं ते मालकांना बोटीवर कुणी सांगितलं नव्हतं. कळपाला रान नवं नाही, ते म्हसळ्याला कशाला जातील. ती मागं लागली की ते गोल फिरून वाडीत यायचे. पळणारं वानर कुठंही पडतं. सुपारीवर पडले, मांडवावर पडले, आमच्या खोपटाचं छप्पर बसलं. रोज घंटी वाजली की मी सुपाऱ्यांचं नुकसान मोजायला उठायचो. बायको मांडवाचे तुकडे उचलत म्हणायची, "पाप तरी न्हाय लागलं."

मग घंटी वाजायची थांबली.

मी म्हटलं सुटली असेल. बायको म्हणाली, गाठ सुटत न्हाय. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही वानरिणीला बघितलं. ती वहाळाच्या पलीकडच्या काठानं जमिनीवरून चालत होती. वानर जमिनीवरून चालतो, पण असा नाही. मान ताठ, खांदे हलायचे नाहीत, एक एक पाय उचलून. भरलेली पाटी घेऊन बाई चालते तशी. तिला कळलं होतं की उडी मारली की ते वाजतं, आणि वाजलं की सगळे पळतात. म्हणून तिनं उडी मारायची सोडली. झाडावर चढायची ती बुंध्याला मिठी मारून, सरड्यासारखी. कळप एका झाडावर असला की ती दोन झाडं सोडून बसायची आणि त्यांच्याकडे बघायची. खाताना घंटी जरा हलली तर स्वतःच दचकायची आणि तोंडातलं तसंच ठेवून थांबायची.

तिची आई कोणती ते बायकोनं ओळखलं होतं. एक थोटक्या शेपटीची म्हातारी होती. ती मधूनमधून कळपाच्या कडेला येऊन बसायची, हिच्या बाजूच्या फांदीवर. पण घंटी किणकिणली की तीसुद्धा जायची.

बायको भाकरी करायची, वाढायची, वहाळाकडे तोंड करून बसायची. मी म्हणालो, "पुन्हा धरू आणि काढू." आम्ही केळी टाकली, जाळं घेऊन बसलो. ती एकदा धरलेली, परत कशाला येते. ती केळ्यांकडे बघायचीसुद्धा नाही.

एका दुपारी मी म्हणालो, "तार असती तर निदान गळा कापून..." वाक्य पुरं केलं नाही. मला एवढंच म्हणायचं होतं की मेली असती तर सुटली असती.

बायको म्हणाली, "सूत साधं हाय."

"म्हणजे?"

"जाळ्याचं सूत आमी ऐनाच्या सालीत उकळतो. मग ते दर्यात पन सडत न्हाय. हे उकळलेलं नव्हतं. कोरं सूत. गाठ न्हाय सुटायची, पन सूत सडंल. पावसाळा जाऊ द्या."

मालकांच्या समोर बांधताना तिनं हे ठरवलेलं होतं, आणि मला इतके दिवस सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?"

"तुमी मालकाला सांगितलं असतं. तुमच्या पोटात ऱ्हात न्हाय."

खरं होतं.

नारळी पौर्णिमा झाली, खाडीतल्या होड्या पुन्हा बाहेर पडल्या, पाऊस संपला. वानरिणीच्या गळ्यात घंटी दिसेना. बायको वहाळात उतरून पाचोळा चाळत हिंडली, पण घंटी सापडली नाही. सूत कुठंतरी तुटलं, घंटी कुठंतरी पडली. त्याचा आवाज झाला असेल शेवटचा, पण आम्ही ऐकला नाही.

आणि तरी वानरीण तशीच चालत होती. मान ताठ. एक एक पाय. गळ्यात काही नव्हतं, आणि ती घंटी सांभाळत होती. कळप झाडावर, ती दोन झाडं सोडून. थोटकी म्हातारी येऊन बसायची, आता काही वाजत नव्हतं म्हणून जास्त वेळ बसायची. पण जवळ जायचं हिला सुचत नव्हतं.

बायको म्हणाली, "हिला कुनी सांगावं."

मी म्हणालो, "कुणी म्हणजे कोण? कोण सांगणार वानराला?"

एक दिवस म्हातारीच उठली. फांदी वाकवून तिनं उडी मारली ती थेट हिच्या झाडावर. ही आक्रसून बसली. म्हातारीनं हिचं डोकं धरलं, मान वाकवली, आणि मानेवरचे केस दोन्ही हातांनी बाजूला करून बघायला लागली. सूत होतं तिथली जागा उघडी पडली होती, कातडं दिसत होतं. म्हातारीनं ती जागा बोटांनी चाचपली, उवा बघतात तसं. बराच वेळ. मग ती परत किंजळीकडे गेली, आणि ही तिच्या मागं. वहाळाशी आल्यावर ही थांबली. फांदी वाकवली. पुन्हा वाकवली. मग उडाली. काहीच वाजलं नाही. पाला सळसळला तेवढाच.

बायकोनं श्वास सोडला. डोळे पुसले नाहीत, तिला ती सवय नव्हती. म्हणाली, "चला, भाकरी करपली असंल."

त्यानंतरच्या बाजाराला ती गडग्याच्या आत बसली नाही. बाहेर गेली आणि शिळेपासून लांब, वाटेच्या वळणावर उभी राहिली. मी आंब्यावर होतो, मला सगळं दिसत होतं. बाया आल्या. बडबड थांबली. आईनं पाठ केली. बाया गेल्या. पुढच्या बाजाराला ही जरा जवळ. त्याच्या पुढच्या बाजाराला आणखी जरा. बोलायची नाही, नुसती उभी. बाया आपसात कुजबुजायच्या. एक म्हणाली, "वाडीत बुजगावनं लावलंय काय?" ही हसली सुद्धा नाही. मला वरून वाटलं, हिला म्हणावं, पुरे कर.

मग तो दिवस आला. आईच्या पायात काटा मोडला होता. ती मागं राहिली, शिळेवर बसून पाय मांडीवर घेऊन काटा काढत होती. बाकीच्या पुढं गेल्या, त्यांना वाटलं येईल मागून. काटा निघाला. म्हातारीनं पाय टेकून बघितला. पाटी खाली, भरलेली. वाटेवर दुसरं कुणी नाही. ही उभी, हात सोडून.

म्हातारीनं वाटेच्या दोन्ही बाजूला बघितलं. मग कुणाकडेच न बघता म्हणाली, "हात लाव गो कुनी."

ही गेली. दोघींनी पाटी धरली, उचलली, म्हातारीच्या डोक्यावर चढवली. चुंबळ सरकली होती ती हिनं नीट केली. रिवाजाप्रमाणं आता आपापल्या वाटेनं जायचं. म्हातारी गेली नाही.

"बारीक झालीस."

"न्हाय गो आये."

"खायाला घालतो का तो?"

मी आंब्यावर पाल्यात आणखी आत सरकलो.

"घालतो. वाल घालतो."

"वाल," म्हातारी म्हणाली. बापाच्या आंघोळीपेक्षाही ते वाईट असल्यासारखं म्हणाली. मग चालायला लागली, डोकं ताठ, वळून न बघता. वळणावरून ओरडली, "कोरडेच खातीस, मासळीबिगर?"

पुढच्या बाजाराला शिळेवर पानात बांधलेला जवळा होता. आम्ही तो वालात घातला. असं कालवण मी त्याआधी खाल्लं नव्हतं. बायकोनं खाल्लं आणि रडली, आणि रडत रडत आणखी वाढून घेतलं. बाप शेवटपर्यंत बोलला नाही. पण मुलगा झाला तेव्हा आई वाडीवर येऊन राहिली आणि माझ्या देखत वानरांना शिव्या घातल्या, पोरगं झोपू देत नाहीत म्हणून.

पुढं दुसरी लढाई आली, मालक वारले, वाडी विकली, आम्ही बोर्लीच्या अंगाला घर बांधलं. इथंही वर रान आहे. वानर आहेत. या त्या वानरिणीच्या पोरींच्या पोरी असतील, बायको म्हणायची. मी म्हणायचो, कशावरून? ती म्हणायची, पोरी कुठं जातात?

ती या मोहोराच्या दिवसांत गेली. बरेच महिने अंथरुणाला होती. झोप हलकी झाली होती, जरा खुट्ट झालं की जागी व्हायची. म्हणून मी घरात पाय न वाजवता चालायला शिकलो. भांडं ठेवायचं ते फडक्यावर. दार उचलून लोटायचं. शेवटी तिला उचलायची वेळ आली तेव्हा अंगणात कुणीतरी म्हणालं, हात लावा. मी लावला.

परवा सकाळी छपरावर खडखडाट झाला. वानर आले होते. मी उठलो, दार उचलून लोटलं, अंगणात आलो. मग कळलं की मी अजून पाय जपून टाकतो आहे. एक एक पाय. अंगणातल्या आंब्यावर एक म्हातारी वानरीण बसून माझ्याकडे बघत होती. मी तिथंच उभा राहिलो. गोफण आत राहिली होती. आतून कुणीतरी 'धोंडा ल्हान घ्या' म्हणेल म्हणून थांबलो ते, वानर आपणहून निघून जाईपर्यंत.